हेलसिंकीचा सुतार आणि पाच खेळांचा एक खेळ

ऑलिंपिक आले की आपल्या घराघरांतून कुस्ती, हॉकी, नेमबाजी आणि अलीकडे भालाफेक यांची चर्चा होते. मुले टीव्हीसमोरून हलत नाहीत. चाळीत एकाच्या घरी टीव्ही असला तरी दहा घरांची पोरे तेथे जमतात. परंतु स्पर्धा संपत आल्या की शेवटच्या दोन-तीन दिवसांत एक असे नाव ऐकू येते की त्याचा अर्थ थोरामोठ्यांनाही सांगता येत नाही. ते नाव म्हणजे मॉडर्न पेंटॅथलॉन. पोरगा विचारतो, "बाबा, हे काय असतं?" आणि बाबा म्हणतात, "असेल काहीतरी, तू अभ्यास कर." आम्हीही कित्येक वर्षे वर्तमानपत्रातला तो रकाना तसाच ओलांडून पुढे जात होतो, हे कबूल करायला हवे.

पण या खेळाचा इतिहास वाचू लागलो आणि वाचतच राहिलो. हा खेळ कोणाचा होता, कोणाला त्यात शिरकाव नव्हता, आणि हातात करवत-रंधा धरणारा एक माणूस त्यात कसा शिरला, ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगावीशी वाटली. म्हणून हा लेखप्रपंच.

'पेंटा' म्हणजे पाच. प्राचीन ग्रीस देशात थाळीफेक, भालाफेक, लांब उडी, धावणे आणि कुस्ती अशा पाच खेळांची मिळून एक स्पर्धा होत असे. पुढे आधुनिक ऑलिंपिक सुरू करणारे फ्रान्सचे पिएर द कुबर्तिन यांनी त्याच धर्तीवर नव्या काळाची पाच कौशल्ये एकत्र आणली. तलवारबाजी, पोहणे, घोडेस्वारी, पिस्तुलाची नेमबाजी आणि धावणे. या पाचांचीच निवड का? त्याची कथा अशी सांगतात की, एक घोडेस्वार अधिकारी निरोप घेऊन शत्रूच्या मुलखातून निघाला आहे. मिळेल तो अनोळखी घोडा घेऊन तो दौडतो, वाटेत घोडा मरतो, मग तो पिस्तूल चालवतो, तलवारीने लढतो, नदी पोहून जातो आणि उरलेली वाट पायी धावत तोडतो. कथा रंगतदार आहे यात शंका नाही. पण वाचकहो, कथेचा नायक कोण आहे याकडे लक्ष द्या. नायक अधिकारी आहे. त्या काळच्या युरोपात साधा शिपाई पायी चालायचा आणि साहेब घोड्यावर बसायचा. कुबर्तिन स्वतः उमराव घराण्यातले. तेव्हा खेळ मांडला गेला तोच साहेब लोकांना डोळ्यांसमोर ठेवून.

१९१२ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे हा खेळ प्रथम झाला. बत्तीस जण उतरले, त्यांतले बहुतेक सैन्यातले अधिकारी. पहिले चारही क्रमांक स्वीडनने पटकावले आणि सुवर्णपदक गॉस्टा लिलिहूक याच्या गळ्यात पडले. पाचवा आला तो अमेरिकेचा एक तरुण लेफ्टनंट, जॉर्ज पॅटन. हाच पुढे दुसऱ्या महायुद्धातला गाजलेला सेनापती. पॅटन नेमबाजीत एकविसावा आला आणि तेथेच त्याचे पदक गेले. पंचांचे म्हणणे, त्याच्या काही गोळ्या निशाणाला लागल्याच नाहीत. पॅटनचे म्हणणे, त्या आधीच्याच भोकातून आरपार गेल्या. खरे काय ते त्या कागदाच्या निशाणालाच ठाऊक.

त्यानंतर १९२०, १९२४, १९२८, १९३२ या चारही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक स्वीडनलाच. १९३६ मध्ये तेवढे जर्मनीच्या हवाई दलातल्या गॉटहार्ड हँड्रिकने ते नेले आणि १९४८ साली लंडनमध्ये स्वीडनच्या विली ग्रूटने परत आणले. या ग्रूटचा पराक्रम मात्र मानावाच लागेल. त्या वेळी गुण मोजायची रीत सोपी होती. प्रत्येक खेळात जो क्रमांक येईल तेवढे गुण, आणि पाचांची बेरीज ज्याची सर्वांत कमी तो विजयी. ग्रूट घोडेस्वारी, तलवारबाजी आणि पोहणे या तिन्हींत पहिला आला, नेमबाजीत पाचवा, धावण्यात आठवा. एक अधिक एक अधिक एक अधिक पाच अधिक आठ, एकूण सोळा. शाळेत जाणाऱ्या मुलांनी ही बेरीज लक्षात ठेवावी, पुढे उपयोगी पडणार आहे.

या सर्व विजेत्यांची यादी पाहिली तर त्यात एकही असा नाही की जो लष्करी अधिकारी नव्हता. घोडा, पिस्तूल, तलवारीचा शिक्षक आणि रोजचा मोकळा वेळ हे सगळे कोणाकडे असणार? ज्याला सरकार पगारही देते आणि घोडाही देते त्याच्याकडे. गिरणीतल्या किंवा गोदीतल्या माणसाला पोहता येत असेल, धावता येत असेल, पण घोडा कोठून आणायचा?

अधिकारीपणाचे हे वेड कोणत्या थराला गेले होते याचा मासला याच १९४८ च्या लंडन ऑलिंपिकने दाखवून दिला. तो प्रकार पेंटॅथलॉनमधला नव्हे, त्याच्या शेजारच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेतला. घोड्याला तालावर चालवण्याच्या 'ड्रेसाज' या प्रकारात त्या काळी फक्त अधिकाऱ्यांना आणि हौशी सभ्य गृहस्थांना प्रवेश होता. सैन्यातला सार्जंट कितीही चांगला स्वार असो, त्याला मज्जाव. स्वीडनच्या संघात गेनाल पर्सन नावाचा एक पटाईत स्वार होता, आणि तो सार्जंट होता. मग स्वीडनने काय करावे? स्पर्धेपुरती त्याला अधिकाऱ्याची बढती दिली. संघाने सुवर्णपदक जिंकले. स्पर्धा संपताच पर्सनची बढती काढून घेतली आणि त्याला पुन्हा सार्जंट केले. ही गोष्ट बाहेर फुटली आणि १९४९ मध्ये घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पर्सनला बाद ठरवले, संघाचे सुवर्णपदकही काढून घेतले.

घोडा तोच, स्वार तोच, त्याचे कसबही तेच. खांद्यावरची पट्टी तेवढी बदलली आणि पदक गेले. आम्हाला यात नियम मोडणाऱ्यांपेक्षा नियम करणाऱ्यांचीच लाज वाटते. पण गोष्ट येथे संपत नाही. या बोभाट्यानंतर नियमच बदलावा लागला. १९५२ साली हेलसिंकी येथे सार्जंटांना, साध्या नागरिकांना आणि स्त्रियांनाही ड्रेसाजचे दार उघडले. पर्सन आणि त्याचे तेच दोन सोबती पुन्हा मैदानात उतरले आणि तेच सुवर्णपदक त्यांनी पुन्हा जिंकले. या वेळी ते कोणी काढून घेऊ शकले नाही. त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईने वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. तिला पोलिओने गाठले होते आणि गुडघ्यांखाली पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढवायला आणि उतरवायला तिला माणूस लागत असे. पण एकदा घोड्यावर बसली की ती पुरुषांच्या बरोबरीने, नव्हे, एक सोडून सर्वांच्या पुढे.

आता हेलसिंकीचे नाव निघालेच आहे तर आमच्या वाचकांना आठवण करून द्यायला नको. १९५२ चे हेलसिंकी म्हणजे आपल्या खाशाबा जाधवांचे हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा पैलवान फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते, गावोगाव वर्गणी झाली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्या आठवड्यात खाशाबा हेलसिंकीच्या मॅटवर झुंजत होते, त्याच आठवड्यात तेथून सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेला हामेनलिना नावाच्या गावी मॉडर्न पेंटॅथलॉन चालू होते. एकोणीस देशांचे एकावन्न खेळाडू. त्यांत स्वीडनचा एक पंचवीस वर्षांचा तरुण होता, लार्स हॉल. तो कॅप्टन नव्हता, लेफ्टनंट नव्हता. तो गोथेनबर्ग शहरातला सुतार होता.

सुतार! आपल्याकडे सुतारकाम करणाऱ्यांना आणि त्यांच्याबरोबर बांधकामावर राबणाऱ्यांना दिवसाच्या शेवटी हातांची काय अवस्था होते ते सांगायला नको. त्या हातांनी तलवारीची मूठ धरायची आणि पिस्तुलाचा चाप ओढायचा. लार्स हॉल नवखा मात्र नव्हता. १९५० आणि १९५१ या दोन्ही वर्षी तो या खेळाचा जगज्जेता झाला होता. तरीही ऑलिंपिक ते ऑलिंपिक.

या खेळातली सर्वांत अवघड बाब होती घोडा. घोडा खेळाडूचा स्वतःचा नसे. यजमान देश घोडे पुरवत असे आणि चिठ्ठी टाकून ते वाटले जात. ज्याच्या नशिबी शहाणा घोडा येईल तो तरला, ज्याच्या वाट्याला अडेल घोडा येईल तो बुडाला. हॉलच्या चिठ्ठीत जो घोडा निघाला तो लंगडत असल्याचे लक्षात आले. आता काय? नियमाप्रमाणे त्याला राखीव घोडा देण्यात आला, आणि तो राखीव घोडा निघाला सगळ्या तबेल्यात उत्तम! लंगड्या घोड्याने हॉलचे नशीब काढले.

नशिबाने दुसऱ्यांदा हात दिला तो नेमबाजीच्या दिवशी. हॉल नेमबाजीच्या जागी वीस मिनिटे उशिरा पोहोचला. कामावर वीस मिनिटे उशीर झाला तर मुकादम काय करतो ते आपण जाणतोच, आणि ऑलिंपिकचे पंच मुकादमाहून कडक. पण त्याच वेळी सोव्हिएत संघाने कसलीशी हरकत नोंदवली होती आणि तिच्यावर पंचांची चर्चा लांबली होती. नेमबाजी सुरूच झाली नव्हती. हॉल गुपचूप आपल्या जागी उभा राहिला.

पण केवळ नशिबावर कोणी जिंकत नाही. पाच दिवस, पाच खेळ. शेवटी बेरीज झाली तेव्हा लार्स हॉलचे गुण होते बत्तीस. हंगेरीचा गाबोर बेनेडेक एकोणचाळीस गुणांनी दुसरा आणि हंगेरीचाच इश्तवान सोंडी एक्केचाळीस गुणांनी तिसरा. ग्रूटची बेरीज आठवते ना? एकावन्न जणांत पाच खेळ मिळून बत्तीस म्हणजे सरासरी सहावा-सातवा क्रमांक, तोही प्रत्येक खेळात. एकाही खेळात घसरायचे नाही, हे या स्पर्धेचे मर्म आहे. एका विषयात पैकीच्या पैकी आणि दुसऱ्यात नापास, हा हिशेब येथे चालत नाही.

अशा रीतीने हा खेळ सुरू झाल्यापासून चाळीस वर्षांनी लष्कराबाहेरचा पहिला माणूस त्याचा ऑलिंपिक विजेता ठरला. चार वर्षांनी, १९५६ साली मेलबर्न येथे, हॉलने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. वैयक्तिक सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकणारा तो पहिलाच. साहेबांच्या खेळात जो विक्रम कोणा साहेबाला जमला नाही तो सुताराने केला. लार्स हॉल १९९१ मध्ये वारला. त्याच्यानंतर तसे लागोपाठ दोन सुवर्ण मिळवायला २००८ साल उजाडावे लागले. रशियाच्या आंद्रेई मोइसेयेव्हने अथेन्स आणि बीजिंग येथे ते साधले.

या खेळात सगळेच सरळ माणसे होती असे मात्र कोणी समजू नये. १९६८ साली मेक्सिकोत स्वीडनच्या संघाला कांस्यपदक मिळाले आणि लगेच परत द्यावे लागले. संघातल्या हान्स-गुन्नार लिल्येनवाल याच्या तपासणीत दारूचा अंश सापडला. त्याचे म्हणणे, पिस्तूल चालवताना हात थरथरू नये म्हणून फक्त दोन बिअर घेतल्या. उत्तेजक तपासणीत बाद झालेला ऑलिंपिकच्या इतिहासातला तो पहिला खेळाडू. त्याच्या दोन बिअरपायी दोन सोबत्यांचीही पदके गेली. आमच्या काही बांधवांना हे वाचून घरातले कोणी आठवले तर दोष आमचा नाही.

याहून मोठा प्रकार १९७६ चा. कॅनडातले माँट्रियल शहर. सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको हा अडतीस वर्षांचा मुरलेला खेळाडू. १९७२ मध्ये संघाचे सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळवलेला. समोर ब्रिटनचा संघ, आणि त्याचा आधार जिम फॉक्स, जो ब्रिटिश सैन्यात सार्जंट होता. होय, सार्जंट! अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या पट्टीपायी पर्सनचे पदक गेले तीच पट्टी. १९७२ मध्ये फॉक्स चौथा आला होता, पदक थोडक्यात हुकले होते.

तलवारबाजीत जी 'एपे' नावाची तलवार वापरतात तिला विजेची तार जोडलेली असते. टोक प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला टेकून दाबले गेले की विजेचे वर्तुळ पूर्ण होते आणि दिवा लागतो. दिवा लागला की एक वार मोजला. ज्यांनी घरात बेलचे बटण बसवले आहे त्यांना हे चटकन समजेल. आधी ब्रिटनच्या अ‍ॅड्रियन पार्करशी लढताना ओनिश्चेंकोचा दिवा लागला तेव्हाच वार नीट बसला नाही अशी शंका ब्रिटिशांना आली होती. मग फॉक्सची पाळी आली. ओनिश्चेंकोने वार केला, फॉक्स मागे झुकला, तलवार हवेतच राहिली आणि तरी दिवा लागला! फॉक्सने तेथल्या तेथे हरकत घेतली. तलवार जप्त झाली. ओनिश्चेंको दुसरी तलवार घेऊन लढत राहिला, जिंकतही राहिला. इकडे तज्ज्ञांनी जप्त तलवारीची मूठ उघडली. आत चोरून बसवलेले बटण होते. हाताने दाबले की वार न लागताही दिवा लागायचा.

ओनिश्चेंको बाद, आणि त्याच्याबरोबर सोव्हिएत संघाच्याही पदकाच्या आशा संपल्या. त्याला लगोलग मायदेशी पाठवण्यात आले. चटका लावणारी बाब अशी की, फॉक्स आणि ओनिश्चेंको अनेक वर्षांचे परिचित होते. दुसऱ्या, साध्या तलवारीनेही तो जिंकतच होता, म्हणजे कसब अंगी होतेच. मग ते बटण कशाला बसवले? आम्हाला याचे उत्तर सापडलेले नाही.

या गडबडीत ब्रिटनच्या खेळाडूंचेही लक्ष विचलित झाले. शेवटचा धावण्याचा खेळ उरला तेव्हा ब्रिटन पाचव्या स्थानी होते. पण पार्कर, डॅनी नाइटिंगेल आणि चौतीस वर्षांचा फॉक्स असे काही धावले की संघाचे सुवर्णपदक ब्रिटनकडे आले. फॉक्सने ज्या पदकाची वाट पाहिली ते असे मिळाले.

पुढे खेळाचे रूप झपाट्याने बदलले. पूर्वी ही स्पर्धा चार-पाच दिवस चालायची आणि बघायला फारसे कोणी यायचे नाही. १९९६ साली अटलांटा येथे पाचही खेळ एकाच दिवसात उरकले गेले आणि सुवर्ण जिंकले कझाकस्तानच्या अलेक्झांडर परिगिनने. २००० मध्ये सिडनी येथे स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला. अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली त्याला! २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून खऱ्या गोळीऐवजी लेसर किरणांचे पिस्तूल आले, आणि धावणे व नेमबाजी एकत्र केली गेली. थोडे धावायचे, धापा टाकत निशाणापाशी यायचे, श्वास आवरून पाच निशाणे टिपायची, पुन्हा धावायचे. ज्याने लोकलसाठी जिना चढून पळत गाडी पकडली आहे त्याने त्याच क्षणी सुईत दोरा ओवून पाहावा, म्हणजे यातली खुबी कळेल. आणखी एक सोय अशी की आधीच्या खेळांत जो पुढे असतो तो या शेवटच्या शर्यतीत आधी सुटतो, बाकीचे आपापल्या गुणांच्या फरकाने मागून. एक गुण म्हणजे एक सेकंद. त्यामुळे जो रेषा आधी ओलांडेल तोच विजेता. कागद-पेन्सिल घेऊन बसायला नको.

एक गोष्ट मात्र बदलली नव्हती. घोडा. चिठ्ठीने मिळालेला, अनोळखी, ओळख करून घ्यायला फक्त वीस मिनिटे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो येथे स्त्रियांच्या स्पर्धेत जर्मनीची अनिका श्लॉय मोठ्या आघाडीवर होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला. तो आधीच्या स्पर्धक बाईपाशीही बिथरला होता. श्लॉयपाशी तो जागचा हलेना. ती त्या घोड्यावर बसून रडत होती, चाबूक मारत होती, आणि सारे जग ते पाहत होते. तिच्या प्रशिक्षक बाईने घोड्याला ठोसा लगावला आणि तिची स्पर्धेतून हकालपट्टी झाली. श्लॉय पहिल्या जागेवरून एकतिसाव्या जागेवर गेली.

त्या मुलीची दया येते. त्या घोड्याची त्याहून अधिक येते. मुलीने निदान खेळायचे स्वतः ठरवले होते. घोड्याला कोणी विचारले होते? मुक्या प्राण्यावर हात उचलून मिळणारे पदक आम्हाला तरी नको वाटते.

त्यानंतर काही महिन्यांतच या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घोडेस्वारी काढून टाकायचे ठरवले. पुष्कळ खेळाडूंनी याला कडाडून विरोध केला. आयुष्यभर घोड्यावर बसायला शिकलो त्याचे काय, हा त्यांचा सवाल खोटा नव्हता. पण घोडेस्वारी राहिली असती तर खेळच ऑलिंपिकमधून जाण्याची पाळी आली होती. घोड्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत आली. आणि गंमत पाहा, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या नव्या रूपातल्या पेंटॅथलॉनचे स्थान पक्के झाले ते आपल्या मुंबईत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईला भरले होते, तेथे. क्रिकेट ऑलिंपिकमध्ये आले म्हणून त्या दिवशी सगळीकडे ढोल वाजले. त्याच बैठकीत घोडा गेला, त्याची बातमी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

घोड्याचा शेवटचा खेळ झाला तो २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, व्हर्साय येथे. व्हर्साय म्हणजे फ्रान्सच्या राजांचा महाल. १७८९ साली पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीसाठी जेथे पायी चालून गेल्या होत्या तोच. त्याच्या बागेत तात्पुरते मैदान उभारले, तात्पुरता तलावही बांधला. १० ऑगस्टला पुरुषांची अंतिम फेरी झाली. छत्तीसांतून निवडलेले अठरा जण, नव्वद मिनिटांत सारा खेळ.

जिंकला अहमद एल्गेंडी, कैरोचा चोवीस वर्षांचा तरुण. टोकियोत त्याने रौप्यपदक घेतले होते. या खेळात पदक मिळवणारा तो आफ्रिका खंडातला पहिला माणूस. पॅरिसला तो १५५५ गुणांचा नवा विक्रम करून पहिला आला. दुसरा जपानचा तैशु सातो १५४२ गुणांनी, तिसरा इटलीचा जॉर्जिओ मलान १५३६ गुणांनी. एक गुण म्हणजे एक सेकंद हे लक्षात घेतले तर एल्गेंडीने रेषा ओलांडली तेव्हा सातो तेरा सेकंद मागे होता. जो खेळ युरोपातल्या सरदार-सेनापतींसाठी जन्माला आला, त्याच्या घोड्याच्या अखेरच्या ऑलिंपिकमध्ये, राजाच्या बागेत, पहिल्या जागेवर इजिप्तचा मुलगा आणि दुसऱ्या जागेवर जपानचा. कुबर्तिनसाहेबांनी हे चित्र मनात आणले असेल असे वाटत नाही.

आता कोणी विचारील, आपले काय? ऑलिंपिकच्या या खेळात भारताच्या नावावर अजून पदक नाही. पण अगदीच सामसूम आहे असेही नाही. २०२३ साली हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत, जेथे दक्षिण कोरियाच्या जून वूंग-ते याने सुवर्ण जिंकले, तेथे महाराष्ट्राचा मयंक चाफेकर या खेळात उतरला होता. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत धावणे, पोहणे आणि लेसर नेमबाजी यांची जोड असलेले पेंटॅथलॉनचे प्रकार होते, आणि त्यांत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी पदकांची चांगली लूट केली. या छोट्या प्रकारांना घोडाही लागत नाही आणि तलवारही. धावायला रस्ता आहे. पोहायला महापालिकेचा तलाव असेल तर तलाव, नाहीतर गावची विहीर. लेसरचे पिस्तूल मात्र महाग पडते आणि ते घरोघरी येणे शक्य नाही, ते शाळेने किंवा मंडळाने घ्यायला हवे. तलवारबाजीचेही तसेच. म्हणजे घोडा गेला म्हणून सगळे दार उघडले असे मानून चालणार नाही. पण दारातली सर्वांत मोठी धोंड हलली हे खरे.

आणि नवा पाचवा खेळ कोणता? सत्तर-एक मीटरच्या वाटेवर एकामागून एक अडथळे. लोंबकळत पार करायच्या कड्या, हातांनी झोके घेत ओलांडायचे दांडे, तोल सांभाळून धावायच्या फळ्या, आणि शेवटी धावत जाऊन चढायची वाकडी भिंत. आमच्या महाराष्ट्रात दोरीच्या मल्लखांबावर उलटी होऊन लटकणारी दहा-बारा वर्षांची मुले-मुली गावोगाव आहेत. हा लेख लिहीत असताना आमच्या खिडकीतून समोरच्या चाळीचा जिना दिसतो आहे. त्या जिन्याच्या लोखंडी दांड्याला शेजारची दोन पोरे मघापासून लोंबकळत आहेत आणि त्यांची आई वरून ओरडते आहे, "उतरा खाली, हात मोडून घ्याल!"